काल का आला नाहीस?

सत्ताविसाव्या वर्षी माझ्या कमरेनं संप केला. मोजे घालायला वाकलो तो वाकलेलाच राहिलो. एमआरआय झाला, चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती जरा बाहेर आलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनची गरज नाही. पण व्यायाम करावा लागेल, आणि तो सुटता कामा नये." पहिलं वाक्य ऐकून हायसं वाटलं. खरी शिक्षा दुसऱ्या वाक्यात होती. जिमची वर्षाची फी तोवर मी तीनदा भरली होती, आणि तिन्ही वर्षांचे दिवस एकत्र केले तरी धड तीन महिने भरले नसते.

यात लाज वाटण्याजोगी आणखी एक गोष्ट होती. लोकांना सवय लावणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. मी ज्या ॲपवर काम करतो त्यात 'सलग सात दिवस' पूर्ण झाले की बिल्ला मिळतो, दिवस चुकला की सकाळी आठवण येते. ती आठवण पाठवणारा कोड मी लिहिला आहे. आकडे सांगता येणार नाहीत, नोकरी आहे. पण लोक त्या आठवणीचं काय करतात हे मला ठाऊक आहे, कारण मीही तेच करतो: बोटानं बाजूला सारतो आणि कूस बदलतो.

म्हणून या वेळी पर्सनल ट्रेनर घेतला. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, कोल्हापूर जिल्ह्यातला, गुडघ्याचं लिगामेंट तुटेपर्यंत कुस्ती खेळलेला. पहिल्या महिन्यात त्यानं मला असं काहीही शिकवलं नाही जे यूट्यूबवर फुकट मिळत नाही. फरक एवढाच होता की एका मंगळवारी मी दांडी मारली, आणि बुधवारी पोचल्यावर त्यानं विचारलं, "सर, काल का आला न्हाईसा?"

मी मीटिंगचं कारण सांगितलं. त्यानं मान डोलावली, पण त्याचा विश्वास बसला नव्हता हे मला दिसलं. त्यानंतर चार महिने मी दांडी मारली नाही. या प्रश्नात असं काय होतं, हे शोधताना मी मागे मागे जात राहिलो.

*

पुण्यात पेठांमधून हिंडताना एक गोष्ट लक्षात येते. जिमना नावं असतात ती ब्रँडची. जुन्या तालमींना नावं आहेत ती झाडांची नाहीतर माणसांची. चिंचेची तालीम आहे, तशी जगोबादादा तालीम आहे, शिवरामदादा तालीम आहे, गोकुळ वस्ताद तालीम आहे. जागा कोणाची, यापेक्षा तिथं कोण उभा असायचा हे लोकांनी लक्षात ठेवलं.

'तालीम' हा मूळ अरबी शब्द, अर्थ शिक्षण. 'वस्ताद' हा फारसी 'उस्ताद'चा मराठी अवतार. म्हणजे व्यायामाच्या जागेला आपण शाळा म्हटलं आणि तिच्या प्रमुखाला शिक्षक. वस्तादाच्या हातात तयार होणारा तो त्याचा पट्ठा. आज कौतुकानं पाठ थोपटताना आपण 'शाब्बास पठ्ठ्या' म्हणतो, त्यात हे नातं अजून शिल्लक आहे.

माझ्या ट्रेनरनं त्याच्या वस्तादांबद्दल सांगितलं ते असं. पहाटे चारला उठायचं. आधी जोर, मग बैठका, मग हौद्यात उतरून लढत. लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून ती मऊ ठेवलेली. एखाद्या पोराचं अंग दुखत असेल, रात्री झोप झाली नसेल, तर वस्ताद त्याला घरी पाठवत नसत आणि लढायलाही लावत नसत. फावडं हातात देत. हौदा खणायचा, माती वर-खाली करायची. नाहीतर दुसऱ्याला मालीश करायची. म्हणजे तो दिवस मोडलेला धरला जायचा नाही. आणि पोरगं आलंच नाही, तर वस्ताद त्याच्या घरी माणूस पाठवत. एकदा स्वतःच आले होते. "आईसमोर उभं ऱ्हायले नुस्ते, बोलले काय न्हाईत. त्यापरास दोन दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

हे ऐकताना मला माझा कोड आठवत होता. आमच्या ॲपमध्ये दिवस एकतर भरतो किंवा तुटतो. मधलं काही नाही. थकलेल्या माणसाच्या हाती फावडं देण्याची सोय आम्ही केलेली नाही. एक दिवस तुटला की आकडा शून्यावर येतो, आणि शून्य पाहिलेला माणूस बहुधा परत येत नाही. पट्ठा मात्र वाईट दिवशीही तालमीतच असायचा.

अर्थात हे सगळं गोड नव्हतं. तालमीत मुली नव्हत्या. वस्तादाच्या शब्दावर प्रश्न विचारायची सोय नव्हती. आणि दूध-तुपाचा, बदामाचा खुराक ज्याच्या घरी परवडत नाही, त्याला कोणाचा तरी आश्रय लागायचा. कोल्हापुरात तो शाहू महाराजांनी दिला. त्यांनी मल्लांना पोसलं, तालमींना बळ दिलं, १९१२ साली खासबागचं मैदान उभं केलं. तिथं तालीम ही गल्लीची ओळखच होऊन बसली. आज कोल्हापूरच्या फुटबॉल सामन्यात 'पाटाकडील तालीम' उतरते, तेव्हा बाहेरच्याला गंमत वाटते. पण त्यात तर्क आहे. जिथं रोज एकमेकांची वाट पाहिली जाते, तिथून संघ तयार होतो. खेळ कोणता हा पुढचा प्रश्न.

*

पण समोर माणूस नसेल तेव्हा काय करायचं? हा प्रश्नही जुना आहे.

मल्लखांब हे त्याचं एक उत्तर. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात त्याचा मागोवा सापडतो. पुढे तो मागे पडला आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो पुन्हा उभा केला. आख्यायिका अशी की निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या मल्लांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिलं, बाळंभटदादांनी ते स्वीकारून तयारीला मुदत मागितली, आणि त्या तयारीतून मल्लखांब पुन्हा प्रकटला. आख्यायिकेतलं खरं-खोटं बाजूला ठेवू. खांबाचा उपयोग मात्र स्पष्ट आहे. तो न थकणारा, न रुसणारा, कधीही हजर असलेला जोडीदार आहे. त्याला मिठी मारा, पकड घ्या, पेच टाका. पण तुम्ही आला नाहीत तर तो काही विचारत नाही. म्हणूनच बहुधा मल्लखांबाच्या शेजारीही शिकवणारा माणूस लागतोच.

दुसरं उत्तर टपालानं आलं. युजीन सँडो हा मूळचा प्रशियातला, लंडनमध्ये नावारूपाला आलेला बलवान. १८९७ साली त्यानं 'स्ट्रेंग्थ अँड हाऊ टू ऑब्टेन इट' हे पुस्तक काढलं. कोणत्या वयाला कोणता व्यायाम, किती वेळा, कधी वाढवायचा, याची कोष्टकं त्यात होती. त्याच्या डंबेलची गंमत मला फार आवडते. डंबेलची मूठ उभी चिरून दोन भाग केलेले, मधे स्प्रिंगा. दोन्ही भाग आवळून धरले नाहीत तर ते एकत्र येत नाहीत. म्हणजे लक्ष भलतीकडे गेलं की हातालाच कळतं. पर्यवेक्षकाचं काम स्प्रिंगेवर सोपवण्याचा हा प्रयत्न होता, आणि माझ्या धंद्यातला माणूस म्हणून मी त्याला सलाम करतो. १९०४-०५ मध्ये सँडो हिंदुस्थानात दौऱ्यावर येऊन गेला. त्याआधीच त्याचं पुस्तक आणि साहित्य इथे पोचलं होतं, आणि त्याच्या गिऱ्हाइकांपैकी एक होता साताऱ्याकडच्या औंध संस्थानचा राजपुत्र.

*

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांचं नाव आपण सूर्यनमस्काराशी जोडतो. पण १८९७ पासून सुमारे दहा वर्षं ते सँडोच्या पद्धतीनं व्यायाम करत होते, आणि नेमानं करत होते. म्हणजे पुस्तकावर व्यायाम टिकतच नाही असं म्हणता येत नाही. काही माणसांचा टिकतो. १९०८च्या सुमारास मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले. पुढच्याच वर्षी गादीवर आले, आणि मग आपल्याला लागलेली सवय सगळ्या संस्थानाला लावण्याच्या मागे लागले.

एका माणसाचा नेम हजारोंचा कसा करायचा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न माझ्या ऑफिसातल्या प्रश्नापेक्षा वेगळा नव्हता. त्यांनी काय काय वापरलं ते पाहण्यासारखं आहे. साहित्य काही लागत नाही. अंगाएवढी जागा पुरे. वेळ सूर्यानं ठरवलेली. प्रत्येक नमस्काराला एक नाव: मित्र, रवि, सूर्य, भानु अशी बारा. 'सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस' मोजताना अजून किती उरले याकडेच डोळे लागतात. नावं घेताना फेरा पुरा होत जातो. शिवाय नाव मोठ्यानं घेतलं की श्वासाची लय सांभाळली जाते आणि शेजारच्यालाही कळतं की तुम्ही करताय की नुसते उभे आहात. संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सक्तीचे झाले. बायकांनीही ते घालावेत हा त्यांचा आग्रह होता, आणि त्यांच्या घरात तो पाळला जाई. १९२८ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. १९३८ मध्ये लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेलं 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' लंडनहून निघालं.

राजेसाहेब कीर्तनकारही होते. समोरच्याला तास-दोन तास धरून कसं ठेवायचं हे त्यांना ठाऊक असणार. तरी सक्तीचं काय होतं, हे मी स्वतः अनुभवलंय. आमच्या शाळेत पी.टी.च्या तासाला नमस्कार होते, आणि गृहपाठ न केल्याबद्दल उठाबशा होत्या. तालमीतली बैठक आणि वर्गातली उठाबशी यांत गुडघ्यांच्या दृष्टीनं फारसा फरक नाही. पण एकीत मुलगा वस्तादाच्या नजरेत मोठा व्हायला बघतो आणि दुसरीत सगळ्यांच्या नजरेत लहान होतो. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांना घाम आणि अपमान यांची गाठ तिथेच बसली असेल. ती सोडवायला आता तासाचे पैसे मोजावे लागतात.

*

त्याच सुमाराला आणखी एक वाट निघाली होती: व्यायाम स्वतःसाठी नाही, देशासाठी. बडोद्यात जुम्मादादा या मुसलमान उस्तादांच्या आखाड्यात तयार झालेले प्रोफेसर माणिकराव त्यांची गादी चालवत होते. त्यांनी सांघिक व्यायामाला देशी आज्ञा दिल्या. पुढे लोणावळ्याला कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद १९०७ ते १९१० या काळात त्यांच्याच हाताखाली शिकले. अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. त्यांचा चमू १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आला. पुण्यात १९२४ मध्ये शिवरामपंत दामल्यांचं महाराष्ट्रीय मंडळ उभं राहिलं, पुढच्या वर्षी दादरला समर्थ व्यायाम मंदिर.

या संस्थांनी मोठं काम केलं आणि अजून करत आहेत. इथे आज्ञा एकाची, हात शंभरांचे. रांगेतली एक जागा रिकामी राहिली की ती सगळ्यांना दिसते, आणि 'का आला नाहीस' हे रांगच विचारते. शिवाय कारण मोठं होतं: गुलामगिरी. स्वातंत्र्य मिळाल्यावर ते कारण सरलं. तब्येत हे कारण उरलं, पण तब्येतीसाठी पहाटे उठणं देशासाठी उठण्याइतकं सोपं नाही, असं मला वाटतं.

१९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ती गोष्ट आपण चिकाटीची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. १९४८ ला लंडनमध्ये सहावा आलेला कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल चार वर्षं पुन्हा घाम गाळत राहिला. पण त्या प्रवासाच्या खर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर ७००० रुपयांना गहाण टाकलं होतं. ज्याच्यासाठी कोणी घर गहाण टाकलंय, त्याला सकाळी उठायला गजर लागत नसावा.

*

आणि आता जिम. २००६ साली डेलाव्हिन्या आणि माल्मेंडियर या अर्थतज्ज्ञांनी एक निबंध छापला. त्याच्या नावाचा अर्थच 'जिमला न जाण्यासाठी पैसे भरणं' असा होतो. अमेरिकेतल्या क्लबांत महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळा जात होते. म्हणजे एका खेपेला १७ डॉलरहून अधिक, आणि तेही खेपेगणिक १० डॉलरचा पास मिळत असताना. पैसे भरले की आपण जाऊ, असा प्रत्येकाचा स्वतःबद्दल भाबडा विश्वास. माझे तीन वर्षांचे पैसे याच विश्वासात बुडाले.

२००० सालच्या मॅझेटी आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात बारा आठवडे दोन गटांना सारखाच वजनाचा व्यायाम दिला होता. एका गटासोबत ट्रेनर होता, दुसरा आपला आपण करत होता. ट्रेनर असलेल्यांनी वजनं लवकर वाढवली आणि त्यांची ताकदही जास्त वाढली. कागदावरचा कार्यक्रम एकच. फरक शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा.

हा माणूस नेमकं काय करतो ते मी चार महिने जवळून पाहिलं. "शेवटचे दोन" म्हणतो आणि तीन करून घेतो. मी दारातून आत येतानाच माझी चाल बघतो, आणि डावा पाय जड पडत असेल तर ठरलेलं सगळं रद्द करून जमिनीवर आडवं पाडतो: "आज नुस्तं ताणायचं." हेच ते फावडं. निघताना उद्याची वेळ माझ्या तोंडून वदवून घेतो. स्वतः सांगत नाही. वस्तादाची जवळजवळ सगळी विद्या त्याच्याकडे आहे.

एक मात्र उलटं झालंय. वस्ताद पोराला 'ए' म्हणायचे. आजचा वस्ताद पट्ठ्याला 'सर' म्हणतो. फीतला मोठा हिस्सा जिम ठेवतं, म्हणून हा सकाळी पाचपासून रात्री दहापर्यंत नऊ 'सर' आणि 'मॅडम' उभे करतो. मी विचारलं, "दादा, तुम्ही स्वतः कधी करता?" तो हसला. "रविवारी. जमलं तर."

पाचव्या महिन्यात माझं पॅकेज संपलं. कंपनीत तेव्हा माणसं कमी करत होते, म्हणून मी ते पुढे वाढवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोनकडे बघत होतो. प्रश्न आला नाही. संपलेल्या सभासदांची नावं ट्रेनरच्या यादीतून आपोआप जातात, हे मला नंतर कळलं. असा कोड मीही लिहिला असता. दोन आठवडे मी काही केलं नाही. कंबर कुरकुरू लागली.

मग एका संध्याकाळी तो मला कर्वे रस्त्यावर भेटला. 'कसे आहात' वगैरे काही नाही. आधी माझ्या पायांकडे पाहिलं. "डावा वडताय परत." मग जरा थांबून म्हणाला, "मी रविवारी वेताळ टेकडीला जातो. फी न्हाई काय. पर सहाला."

गेले सात रविवार आम्ही जातोय. तो जोर मारतो, मी माझे कमरेचे प्रकार करतो. टेकडीवर तो मला 'सर' म्हणत नाही, नावानं हाक मारतो. आठवड्याचे बाकीचे दिवस मी घरीच करतो, कारण रविवारी चाल बघितली जाणार असते. आईचंही असंच आहे, हे माझ्या आता लक्षात आलं. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितल्यावर ती दोन वर्षं चालली नव्हती. मग खालच्या मजल्यावरच्या काकू संध्याकाळी बेल वाजवू लागल्या. काकूंनाही एकटीनं चालवत नव्हतं.

परवाच्या रविवारी मी सहाला पोचलो तर तो नव्हता. साडेसहा झाले. पावसाची बारीक भुरभुर होती, मी माझं माझं करून खाली आलो. सोमवारी सकाळी, ऑफिसला निघण्याआधी, त्याला मेसेज टाकला: "काल का आला नाहीत?"

दुपारी उत्तर आलं. शनिवारी रात्री अकरापर्यंत क्लायंट होते, जाग आली नाही. त्याखाली आणखी एक ओळ होती: "येत्या रविवारी नक्की. तुम्ही या."